एकाच गावात दोन तलाठी

या महिन्यात तीन पत्रं घेतली आहेत. तिन्ही नागपूरची आणि तिन्हींचं दुखणं एकाच जातीचं: डिस्क एक, वापरणारे दोन. पहिल्याचं दुखणं फार पुढे गेलेलं आहे, म्हणून सदराची बहुतेक जागा त्यालाच दिली.

प्रश्न : सर, नमस्कार. मानेवाडा रोडला माझा लग्नाच्या शूटिंगचा आणि अल्बमचा छोटा स्टुडिओ आहे. मी आणि चुलतभाऊ, दोघं दोन कॉम्प्युटरवर एडिटिंग करतो. दसऱ्याला चार डिस्कचा एनएएस (नेटवर्कवर जोडायची डिस्कची पेटी) घेतला. आधी त्यावर शेअर्ड फोल्डर होता, पण फारच हळू चालायचा, कॉपी करताना आकडा ११ एमबीच्या वर जातच नव्हता. बर्डीवरचा एक ओळखीचा पोरगा म्हणाला, ‘भाऊ, फोल्डर काय शेअर करून राहिले? आयस्कझी करा. डिस्क आपल्याच कॉम्प्युटरची असल्यासारखी दिसते.’ त्यानं दोन्ही कॉम्प्युटरला एकच आठ टीबीची डिस्क जोडून दिली, केबलाही नव्या टाकल्या. स्पीड एकदम ११० वर! आम्ही खूश. फक्त भावानं केलेलं फोल्डर मला दिसायचं नाही, कॉम्प्युटर रीस्टार्ट केला की दिसायचं. म्हटलं, असेल काही. तुळशीचं लग्न झाल्यावर सीझन सुरू झाला आणि परवा काटोलच्या हळदीची क्लिप उघडली, तर मधूनच वर्ध्याच्या लग्नाची वरात सुरू! वर्ध्याचं काम भाऊ करून राहिला होता. आता विंडोज सारखं डिस्क तपासा म्हणते, काही फोल्डर उघडतच नाहीत. डिस्क खराब निघाली का? वॉरंटीत बदलून मिळेल? तोपर्यंत चेकडिस्क चालवू का?

उत्तर : भाऊ, चेकडिस्क चालवू नका. पत्र मिळालं त्याच दिवशी फोनवर हे तुम्हाला सांगितलं आहे, मासिक छापून यायची वाट पाहिली असती तर तुमचा सीझनच गेला असता. अशीच जोडणी करून बसलेले आणखी कोणी असतील, त्यांच्यासाठी पुन्हा लिहितो.

दोन कॉम्प्युटरपैकी ज्याच्यावर कमी नवं काम झालं आहे, त्याची नेटवर्कची केबल उपटा. आधी शटडाउन आणि मग केबल, असं करू नका. केबल आधी. एरवी असला आडदांडपणा मी कोणाला शिकवत नाही. पण नीट बंद होताना विंडोज मेमरीत साचलेलं सगळं डिस्कवर उतरवून मगच जाते, आणि त्या मेमरीतलं आता विश्वास ठेवण्यासारखं राहिलेलं नाही. केबल निघाली की विंडोजमधला ‘आयस्कझी इनिशिएटर’ (आयस्कझीची डिस्क जोडणारा प्रोग्राम) उघडून ‘फेव्हरिट टार्गेट्स’च्या यादीतून ही डिस्क काढा आणि मग कॉम्प्युटर बंद करा. ती यादी विसरलात, तर पुढच्या वेळी केबल लागल्याबरोबर तो आपण होऊन डिस्कला जाऊन चिकटेल.

एनएएसमध्ये स्नॅपशॉटची (डिस्कची त्या क्षणाची गोठवलेली प्रत) सोय असेल तर एक घेऊन ठेवा. मग उरलेल्या कॉम्प्युटरवरून जे जे उघडतं ते वेगळ्या यूएसबी डिस्कवर उतरवा. प्रत्येक क्लिप चालवून बघावी लागेल, नाव आणि साइज बरोबर दिसते म्हणून सोडू नका. कॅमेऱ्याची जी कार्डं अजून फॉरमॅट झाली नसतील ती पाकिटात घालून वर तारीख लिहून ठेवा. सगळं उतरलं की ती आठ टीबीची डिस्क एनएएसवरून पुसून नवी बनवायची. दुरुस्तीच्या नादी लागायचं नाही.

वॉरंटीवाल्याकडेही जाऊ नका. तो तपासून ‘डिस्क ठणठणीत आहे’ म्हणेल आणि ते खरं असेल. डिस्कनं सांगितलेलं काम चोख केलं, पण तिला सांगणारे दोघं होते.

समजा, एका गावाला चुकून दोन तलाठी दिले. दफ्तर एकच. दोघांनी सकाळी येऊन दफ्तराची आपापली नक्कल करून घेतली आणि दिवसभर आपापल्या घरून कारभार केला. गट नंबर १२७ रिकामा, असं दोघांच्याही नकलेत आहे. पहिल्यानं तो एकाच्या नावे चढवला, दुसऱ्यानं भलत्याच्याच. संध्याकाळी दोघांनी आपापलं पान नेऊन दफ्तरात लावलं, उशिरा आलेल्याचं पान राहिलं. सातबारा दोन शेतकऱ्यांच्या हातात आहे, आणि शेतात उभं पीक आहे ते ज्यानं शेवटी पेरलं त्याचं.

तुमच्या डिस्कवर नेमकं हेच झालं. डिस्कचे कोणते तुकडे रिकामे याची एनटीएफएसमध्ये (विंडोजची फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) एक यादी असते, आणि कोणती फाइल कोणत्या तुकड्यांत याची दुसरी. कॉम्प्युटर त्या एकदा वाचतो, मेमरीत ठेवतो आणि पुढे मेमरीतल्या नकलेवरच चालतो, कारण दर वेळी डिस्कपर्यंत जायचं म्हटलं तर काम रांगत होईल. लिहितानाही तो लगेच जात नाही, थोडं साचवून एकदम जातो. डिस्क एकाच मालकाची असेल तोवर यात काही चूक नाही. एनटीएफएस बनली ती ‘मालक मी एकटाच’ हे गृहीत धरून, आणि लिनक्सची ईएक्सटी४ किंवा एक्सएफएसही तशाच. तुमच्या भावाचं फोल्डर रीस्टार्ट केल्याशिवाय दिसत नव्हतं ते यामुळेच: तुमचा कॉम्प्युटर सकाळची नक्कल वाचत होता. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. ‘असेल काही’ हे दोन शब्द या धंद्यात फार महाग पडतात, मला विचारा.

डिस्क स्वतः का ओरडली नाही? आयस्कझीवरून तिला सांगितलं जातं ते मुख्यतः इतकंच, की अमुक नंबरचा तुकडा वाचून दे, तमुक नंबरच्या तुकड्यात हे लिही. फाइल, फोल्डर, मालक यातलं तिला काहीच माहीत नसतं. एकानं तुकडा बदलला म्हणून ती दुसऱ्याला हाक मारून सांगत नाही. ‘ही फाइल दुसऱ्यानं उघडली आहे’ असा जो निरोप तुम्हाला शेअर्ड फोल्डरवर यायचा, तो इथे येणार नाही, कारण ती कुलपं प्रत्येक कॉम्प्युटरच्या स्वतःच्या मेमरीत असतात आणि दोघांच्या मेमऱ्यांची एकमेकांशी ओळखच नाही.

हळदीत वरात शिरली, हा मात्र तुमच्या कॅमेऱ्याचा गुण. क्लिपा एमटीएस आहेत, असं तुम्ही फोनवर म्हणालात. एमटीएस म्हणजे १९२ बाइटच्या पाकिटांची लांबच लांब माळ. मधलीच पाकिटं भलत्या माळेतली निघाली तरी प्लेअर अडखळतो आणि पुढच्या पाकिटापासून पुन्हा सूर धरतो. एमपी४ असतं तर बहुधा नुसते रंगीत चौकोन दिसले असते, आणि तुम्ही कार्ड खराब म्हणून कार्डवाल्याशी भांडत बसला असता. एका अर्थी वरातीनं तुम्हाला वेळेवर उठवलं.

मी स्वतः हेच करून बसलेलो आहे. २०११ चा मे महिना. एका छापखान्याचे सर्व्हर माझ्याकडे होते. नागपूरचा मे तुम्हाला सांगायला नको. सर्व्हरच्या खोलीतला एसी दुपारी तीनला मान टाकायचा आणि पाठोपाठ मुख्य सर्व्हर तापून बंद. दुसरा तयार हवा म्हणून मी शेजारच्या लिनक्स सर्व्हरलाही तीच डिस्क जोडली आणि माउंट करून, म्हणजे वापरायला उघडून, ठेवली. ‘नुसती लावून ठेवली आहे, वेळ आली तर वापरू,’ असं मालकांना सांगितल्याचं मला स्वच्छ आठवतं. मला आठवलं नव्हतं ते इतकंच, की त्या शेजारच्या सर्व्हरवर रात्री दोन वाजता जुन्या तात्पुरत्या फाइली पुसणारी एक स्क्रिप्ट चालते. लावलेली माझीच.

ती रोज रात्री पाच-पंचवीस फाइली पुसायची आणि रिकाम्या तुकड्यांची आपली शिळी यादी डिस्कवर लिहून ठेवायची. दिवसभरात मुख्य सर्व्हरनं भरलेले तुकडे त्या यादीत पुन्हा ‘रिकामे’. मुख्य सर्व्हरची मेमरी ताजी होती तोवर त्याला पत्ता नव्हता. नवव्या दिवशी तो तापून बंद पडला, पुन्हा चालू झाला, डिस्कवरची यादी वाचली आणि भरलेल्या शेतात नांगर घालायला सुरुवात केली.

पहाटे एफएससीके, म्हणजे लिनक्सची चेकडिस्क, चालवली. ती प्रत्येक चुकीला ‘दुरुस्त करू का’ विचारते. चाळीसेक वेळा हो म्हटल्यावर मी कंटाळून सगळ्याचंच एकदम हो सांगून टाकलं. एका तुकड्यावर अनेक फाइलींचा दावा, अशा ओळी पडद्यावरून धावत होत्या. असा वाद निघाला की एफएससीके खरा मालक शोधत बसत नाही. वादातल्या तुकड्याची प्रत काढते आणि प्रत्येक दावेदाराला एकेक देऊन मोकळी होते. शेवटी फाइल सिस्टीम ‘स्वच्छ’ असा दाखला मिळतो, आणि दोन्ही फाइलींत मजकूर मात्र शेवटी पेरणाऱ्याचा. नाव गमावलेल्या फाइली ‘लॉस्ट अँड फाउंड’मध्ये नुसत्या नंबरांनी पडल्या होत्या. त्या एकेक उघडून, ही लग्नपत्रिका, हे पावतीपुस्तक, हे शाळेचं प्रगतिपुस्तक, अशी आम्ही चार माणसं तीन दिवस वेगळी करत होतो. बॅकअप होता, पाच दिवस जुना. म्हणूनच तुम्हाला दुरुस्ती नको, आधी उतरवून घ्या म्हणतो. चेकडिस्कसुद्धा दफ्तराचा हिशेब जुळवते, पिकाचा नाही.

आता तुमच्या पत्रातली एक ओळ, जी तुम्ही सहज लिहून गेलात. शेअर्ड फोल्डरला ११ एमबी, आणि नव्या केबला टाकल्यावर ११०. सेकंदाला १०० मेगाबिटच्या जोडणीला आठानं भागा (आठ बिटांचा एक बाइट), साडेबारा एमबी येतात. वरखर्च वजा जाता ११ उरतात. गिगाबिटचं तेच गणित ११० च्या आसपास जातं. म्हणजे तुमची जुनी जोडणी गिगाबिटची नव्हतीच, १०० वर चालत होती. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. गिगाबिटला चारही लागतात, १०० मेगाबिटला दोन पुरतात. एखादी जोडी तुटली, उंदरानं कुरतडली किंवा खुर्चीचं चाक वरून फिरलं, तर पुष्कळ कॉम्प्युटर काही न बोलता १०० वर उतरतात. वेग वाढवला तो केबलनं, श्रेय घेऊन गेली आयस्कझी. नव्या केबलवर जुनाच शेअर्ड फोल्डर ठेवला असता तरी मोठ्या फाइलींना जवळपास तोच आकडा दिसला असता. त्या पोरावर चिडू नका. त्यानं अर्धं काम उत्तम केलं होतं.

तर पुन्हा शेअर्ड फोल्डरवर या. तिथे दफ्तर एनएएसकडे राहतं, तलाठी एकच, आणि तुम्ही दोघं खिडकीवर अर्ज देता. फोर-के फुटेज १०० मेगाबिटचं धरलं तरी एका क्लिपला सेकंदाला साडेबारा एमबी लागतात. तीन कॅमेरे एकत्र लावले तर चाळिसाच्या आत. दोघांनी एकाच वेळी तीन-तीन लावले तरीही गिगाबिटमध्ये बसतं, फक्त चारही डिस्कना तेवढं पळता आलं पाहिजे. आयस्कझीचा मोह सुटत नसेल तर एनएएसच्या जागेतून दोन वेगळ्या डिस्क कापा, एक तुमची, एक भावाची, आणि देवाणघेवाणीला शेअर्ड फोल्डर. त्यात काहीच धोका नाही. एनएएसच्या सेटिंगमध्ये एका डिस्कला एकापेक्षा जास्त जोडण्यांची परवानगी देणारी खूण असते, ती काढून टाका. त्या पोरानं ती लावली असणार, आणि शेजारचा इशारा वाचला नसणार.

एक डिस्क अनेकांना देताच येत नाही, असं नाही. त्यासाठी वेगळ्या फाइल सिस्टीम आहेत: लिनक्सवर जीएफएस२ आणि ओसीएफएस२, दोन्ही २००६ पासून कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आहेत, व्हीएमवेअरची व्हीएमएफएस, विंडोज सर्व्हरला २००८ आर२ पासून क्लस्टर शेअर्ड व्हॉल्यूम. तिथे तुकड्याला हात लावण्याआधी प्रत्येक मशीन इतरांची परवानगी घेतं. जीएफएस२ मध्ये तर प्रत्येक मशीनची नोंदवही वेगळी ठेवावी लागते. एखादं मशीन बोलायचं थांबलं, की बाकीचे आधी त्याची वीज किंवा डिस्कची वाट तोडतात आणि मगच पुढे जातात, कारण मेलं असं वाटलेलं मशीन मध्येच जागं होऊन लिहू लागलं तर सगळं व्यर्थ. दोन माणसांच्या स्टुडिओला हे लावणं म्हणजे पानठेल्याला अंबाझरीच्या आयुधनिर्माणीचा बंदोबस्त.

प्रश्न : धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबचा लिनक्स सर्व्हर मी सांभाळते. डेटा आयस्कझीच्या डिस्कवर, ईएक्सटी४ मध्ये आहे. रात्री बॅकअपचं दुसरं मशीन तीच डिस्क रीड-ओन्ली माउंट करून कॉपी घेतं. लिहिणारा एकच आहे, तर हे सुरक्षित ना? कधीतरी कॉपी झालेली फाइल उघडत नाही, एवढंच.

उत्तर : ताई, नाही. ‘एवढंच’ म्हणून जे लिहिलंत तेच लक्षण आहे.

तलाठी सातबाऱ्यावर बदल करण्याआधी फेरफार वहीत नोंद करतो. फाइल सिस्टीमचं जर्नल म्हणजे ती वही. मध्येच वीज गेली तर पुढचा माउंट करणारा वही उघडून अर्धवट नोंदी पुऱ्या करतो. तुमचा मुख्य सर्व्हर जिवंत आहे, म्हणजे वहीत काही ना काही अर्धवट असणारच. बॅकअपचं मशीन रात्री येतं, अर्धवट नोंदी बघतं, आधीचा तलाठी वारला असं समजतं आणि त्याच्या समोर बसून त्याचं काम उरकायला घेतं. रीड-ओन्ली म्हटलं तरी! ईएक्सटी४ आणि एक्सएफएस दोन्ही रीड-ओन्ली माउंट करतानाही जर्नल चालवतात, म्हणजे डिस्कवर लिहितात. ते टाळायला ईएक्सटी४ मध्ये ‘नोलोड’ आणि एक्सएफएसमध्ये ‘नोरिकव्हरी’ हा पर्याय द्यावा लागतो. तो दिला की लिहिणं थांबतं, पण मग दिसतं ते अर्धवट लिहिलेलं दफ्तर. वाचता वाचता खालची पानं बदलत असतात, आणि एकदा वाचलेलं पान मशीन पुन्हा बघत नाही. तुमच्या न उघडणाऱ्या फाइली त्यातल्याच.

साठवणुकीच्या पेटीवर स्नॅपशॉट घ्या, त्या स्नॅपशॉटची वेगळी डिस्क बॅकअपच्या मशीनला द्या. तिथे जर्नल चालू दे बापडं, मूळ डिस्कला धक्का नाही. डेटाबेस मात्र मुख्य सर्व्हरवरच डम्प करून, म्हणजे फाइलीत उतरवून, घ्या.

आणखी एक. ईएक्सटी४ मध्ये एमएमपी नावाची सोय आहे, दुहेरी माउंट अडवणारी. ती आपोआप चालू नसते. डिस्क अनमाउंट करून ट्यूनटूएफएस या आज्ञेनं लावावी लागते. मग माउंट केलेलं मशीन दर पाच सेकंदांनी एका ठरलेल्या तुकड्यात आकडा बदलत राहतं, आणि दुसरं माउंट करायला आलं की थोडा वेळ थांबून आकडा हलतो का ते बघतं. हलला तर नकार. यानं डिस्क दोघांत वाटता येत नाही, फक्त चूक दारातच अडते. मे २०११ मध्ये ती अजून कर्नलमध्ये आलेली नव्हती, असती आणि मी लावली असती तर माझे तीन दिवस वाचले असते. एक्सएफएस आणि एनटीएफएसला अशी सोय नाही.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू दोन्ही आहेत. दोन्ही एकाच वेळी चालूच शकत नाहीत. तरी उबुंटूतून डी ड्राइव्हवर ठेवलेला प्रोजेक्ट विंडोजमध्ये गायब! उबुंटू आधी माउंट करायला नाही म्हणायचं, म्हणून एका व्हिडिओत पाहून ‘फोर्स’ लावलं होतं. (इंजिनिअरिंग, तिसरं वर्ष)

उत्तर : अरे, दोन्ही एकाच वेळी चालू होते. एक झोपेत होतं इतकंच. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ येतं. शटडाउन म्हटलं तरी विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, मेमरीतली नक्कल डिस्कवर गुंडाळून ठेवून झोपतो. त्या नकलेत डी ड्राइव्हची जुनी यादीही असते. उबुंटूनं नाही म्हटलं ते त्यामुळे. तू दार फोडून आत जाऊन फाइली ठेवल्यास, सकाळी विंडोज उठली, जुनी यादी घेऊन कामाला लागली, आणि त्या यादीत तुझा प्रोजेक्ट नव्हता.

कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समधून फास्ट स्टार्टअप बंद कर. तोवर उबुंटूत जायचं असेल तर विंडोजमधून शटडाउनऐवजी रीस्टार्ट दाब, रीस्टार्टला ती पूर्ण बंद होते. आणि प्रोजेक्टची दुसरी प्रत मित्राच्या पेनड्राइव्हवर असेल तर आज संध्याकाळीच जाऊन घेऊन ये, सबमिशनच्या आदल्या रात्री त्याचाही लॅपटॉप झोपलेला असेल.